हिशेब ठेवणारं जहाज

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ ही अंतराळातली अमेरिकन मालिका १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्याच सीझनमध्ये एक आकडा सांगून टाकला होता. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलेलं जहाज, परतीला पाऊणशे वर्षं लागणार, आणि जहाजावर शत्रूवर सोडायचे फोटॉन टॉर्पेडो उरलेत अडतीस. संपले की नवे मिळायची सोय नाही. हे ऐकलं आणि मी सरसावून बसले. आता एकेक टॉर्पेडो सुटताना पोटात कालवणार, असं वाटलं.

तसं काही झालं नाही. सात सीझन झाले, १७२ भाग झाले, टॉर्पेडो सुटतच राहिले. जगभरच्या चाहत्यांनी ते बसून मोजले. अडतीसचा आकडा केव्हाच मागे पडला होता आणि जहाजावर कुणाच्या कपाळाला आठी नव्हती. एका आठवड्यात भिंती फाटायच्या, ठिणग्या उडायच्या. पुढच्या आठवड्यात गालिच्यावर डागसुद्धा नसायचा. १९९७ मध्ये ‘इयर ऑफ हेल’ हे दोन भाग आले. त्यात जहाज खरोखर मोडत जातं, टूव्हॉक या अधिकाऱ्याची दृष्टी जाते, माणसं काळवंडलेल्या खोल्यांतून वावरतात. शेवटी कॅप्टन जेनवे जहाजच शत्रूवर नेऊन आदळते, काळ मागे फिरतो आणि ते सगळं वर्ष पुसलं जातं. कुणालाच काही आठवत नाही. इतकं जीव ओतून केलेलं काम असं पुसून टाकलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

व्हॉयेजर मला आवडते. जेनवे आवडते, तो होलोग्रामचा डॉक्टर तर फारच आवडतो. पण अंतराळातली लांबलचक मालिका थोर कशामुळे होते, असं कुणी विचारलं की मला आधी ते अडतीस टॉर्पेडो आठवतात. जहाजं, परग्रहवासी, लढाया सगळ्याच मालिकांत असतात. थोर मालिका हिशेब ठेवते. कोण मेलं, काय संपलं, कुणी कुणाला काय बोललं, कुणाच्या अंगावर कसला वण आहे, हे ती विसरत नाही. शंभर-सव्वाशे भाग आपण तिला देतो, तेव्हा आपल्याला जे आठवतं ते तिलाही आठवायला हवं, एवढीच अपेक्षा असते.

जुन्या मालिका विसरायच्या, त्यामागे धंद्याचं कारण होतं, हेही सांगायला हवं. मूळ ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. तीन सीझन, ७९ भाग, आणि १९६९ मध्ये बंद. पुढे ती अमेरिकेतल्या लहान-लहान वाहिन्यांना विकली गेली आणि पुनःप्रक्षेपणांतून मोठी झाली. कुठलाही भाग कुठल्याही दिवशी दाखवता यायला हवा, म्हणजे प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं जागच्या जागी यायला हवं. त्या विसरभोळेपणानंच तिला जगवलं. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही आली, तेव्हा माझ्या मामाने शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर ती पाहिलेली. त्याची कारखान्यातली पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे मधले कितीतरी भाग हुकायचे. “हुकलं तरी काय बिघडत नव्हतं की,” तो म्हणतो. अगदी बरोबर. ती मालिका पाळीवर जाणाऱ्या माणसाला परवडणारी होती.

मामा जॉबर आहे. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : कारखान्यात माग बंद पडला की ज्याला हाक मारतात, तो जॉबर. जकार्डची चादर विणणारा माग असो की टॉवेलचा, मामा आधी काही उघडत नाही. चालू करायला लावतो, कान देतो, चौकटीवर तळहात ठेवतो, मग पाना मागतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचं आयुष्य गेलं. आता घरी असतो आणि रात्रीची जेवणं झाली की माझ्याबरोबर मालिका बघतो. इंग्रजी त्याला तुटकं कळतं. अडलं की मी थांबवून सांगते.

रोनाल्ड मूर हा लेखक काही काळ व्हॉयेजरवर होता. तिथून बाहेर पडला आणि पुढे त्याने ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने उभी केली. तिचा पहिला नियमित भाग, २००४ मधला, ‘३३’. दर तेहेतीस मिनिटांनी शत्रू येतो, दर तेहेतीस मिनिटांनी सगळ्या ताफ्याने अंतराळात दुसरीकडे उडी मारायची, आणि असं पाच दिवस, डोळ्याला डोळा नाही. मनुष्यजातीत जेवढे वाचलेत तेवढे या जहाजांत. राष्ट्राध्यक्ष लॉरा रोझलिनच्या मागे एक पांढरा फळा आहे आणि त्यावर माणसांचा आकडा. जहाज हरवलं की आकडा खाली येतो. भागाच्या अगदी शेवटी कुणीतरी येऊन सांगतं की एका जहाजावर मूल जन्मलंय. ती उठते आणि फळ्यावर एक वाढवते. ४७,९७३. हा आकडा मला पाठ आहे. पुढे मालिकेच्या सुरुवातीच्या पाटीवर तो आकडा येत राहिला, वरखाली होत राहिला, आणि मी दर वेळी आधी तो वाचायचे.

त्याच्या पुढच्या भागाचं नावच ‘वॉटर’. गॅलॅक्टिका या मुख्य जहाजाच्या टाक्या घातपातात फुटतात आणि पाणी अंतराळात निघून जातं. त्या भागाच्या वेळी आमची मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. एरवी ती या मालिकांकडे फिरकत नाही. आमच्याकडे उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी सुटतं. कधी पहाटे, कधी रात्री. सुटलं की मोटर, मग हौद, मग बॅरल, मग घागरी. पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं. मामीनं पडद्यावर ते आकडे ऐकले आणि तिथल्या तिथे विचारलं, “माणसं किती म्हणालीस? आणि बाकीच्या जहाजांना हेच पाणी पुरवतं व्हय?” मी हो म्हटलं. “मग आजपासनंच मोजून द्याय पाहिजे,” म्हणाली. पडद्यावर पुढच्या काही मिनिटांत तेच झालं : शोधाशोध, काटकसर, कुठल्या जहाजाला किती. अंतराळ मालिकेत मामीला रस वाटावा असं त्यात दुसरं काही नव्हतं. पाण्याचा हिशेब होता. तो खरा होता, म्हणून बाकीचं सगळंही तिला खरं वाटलं. त्या रात्री ती शेवटपर्यंत बसली.

‘द एक्सपान्स’ (२०१५ ते २०२२) तर सुरूच होते बर्फ वाहणाऱ्या एका जहाजापासून. शनीच्या कड्यांतला बर्फ आणायचा आणि सेरेस या बटुग्रहावरच्या लोकांची तहान भागवायची. सेरेसवर रेशनिंग आहे, पाण्यावरून भांडणं आहेत, आणि पाणी कुणाच्या ताब्यात यावरून राजकारण आहे. लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राबणारी ती माणसं, बेल्टर, दहा-बारा भाषांची सरमिसळ बोलतात. निक फार्मर नावाच्या भाषातज्ज्ञाने ती बोली बसवून दिली. ज्या गल्लीत एका ओट्यावर तेलुगू, दुसऱ्यावर कन्नड आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर दखनी ऐकू येते, तिथे वाढलेल्या माणसाला ती ऐकताना परकं वाटत नाही. कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्यामुळे त्यांची हाडं लांब आणि ठिसूळ. पृथ्वीवर उभं राहणंसुद्धा त्यांना छळ वाटतो. शरीरावर सुद्धा हिशेब मांडलाय.

पण मला खरं लिहायचंय ते माइल्स ओब्रायनबद्दल.

१९८७ मध्ये ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा पहिला भाग आला. त्यात एका छोट्या प्रसंगात जहाज चालवायला बसलेला एक कुरळ्या केसांचा माणूस दिसतो. त्याला नाव नाही. कोलम मीनी या आयरिश नटाला दिलेलं ते किरकोळ काम. मग तो मधूनमधून ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्राच्या, खोलीत दिसायला लागला. लोक येतात, चबुतऱ्यावर उभे राहतात, हा बोटं सरकवतो, ते अदृश्य होतात. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला आडनाव मिळालं. चौथ्यात त्याचं लग्न झालं. १९९१ च्या जानेवारीतला ‘डेटाज डे’ हा भाग. वधू केको, वनस्पतिशास्त्रज्ञ, ऐन वेळी नको म्हणते, मग हो म्हणते. मामाने मध्येच विचारलं, “कॅप्टन आला का लग्नाला?” आला होता. लग्न लावलंच मुळी कॅप्टनने. मामाला ते इतकं आवडलं की तो प्रसंग मी मागे घेऊन पुन्हा दाखवला.

त्याच महिन्यात ‘द वूंडेड’ आला. त्यात नवराबायको न्याहारीला बसलेत. केकोने समुद्री शेवाळ्याचं काहीतरी केलंय, ओब्रायन ते टोचून बघतोय आणि सांगतोय की आमची आई खऱ्या मटणाचं करायची. दोन मिनिटांचा प्रसंग. कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण त्याच भागात कार्डेशियन नावाचे लोक पहिल्यांदा येतात, आणि कळतं की हा मवाळ माणूस त्यांच्याशी लढलाय. सेटलिक तीन नावाच्या ग्रहावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा एकाला मारलं. आता समोरच्या कार्डेशियन अधिकाऱ्याला तो शांतपणे सांगतो की माझा राग तुझ्यावर नाही, तुमच्यामुळे मी जो झालो त्याच्यावर आहे. न्याहारीचा प्रसंग आधी पाहिलेला असतो, म्हणून हे वाक्य लागतं.

इथवर आलेली मालिका थांबली असती तरी मी तिला मोठी म्हटलं असतं. पण १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाईन’ ही पुढची स्टार ट्रेक मालिका सुरू झाली आणि ओब्रायनची बदली झाली. कुठे? कार्डेशियनांनी बांधलेल्या अंतराळ स्थानकावर. बाजोर या ग्रहावरच्या गुलामांच्या श्रमांवर चालवलेलं ते स्थानक, सोडून जाताना त्यांनी नासधूस करून ठेवलेलं. ज्यांच्यामुळे आपण माणूस मारला, त्यांची यंत्रं दुरुस्त करत या माणसाने सात वर्षं काढली. कुणी त्यावर भाषण केलं नाही. तो फक्त भिंतीतली झडप उघडतो, आत डोकं घालतो आणि कार्डेशियन कारागिरीवर वैतागतो.

मामाने त्याला पहिल्या दिवशीच ओळखला होता. ओब्रायन अधिकारी नाही, अकादमीत शिकून आलेला नाही. खालून वर आलेला. तरणे अधिकारी त्याच्या हुद्द्याच्या वर आहेत, पण यंत्र अडलं की सगळे त्याच्याकडे वळतात. “हा जॉबर आहे की,” मामा म्हणाला आणि त्यानंतर त्याने त्याला नावाने कधी हाक मारलीच नाही. “जॉबर कुठाय आज?” “जॉबरला का त्रास देतायत?” लेखकांनी दर वर्षी एकदा तरी ओब्रायनला छळायचं असं ठरवूनच टाकलं होतं, आणि त्यातला ‘हार्ड टाइम’ (१९९६) हा भाग मी मामाला आधी सावध करून दाखवला. परक्या ग्रहावर त्याच्या मेंदूत वीस वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी घातल्या जातात. प्रत्यक्षात गेलेत काही तास. घरी येतो तेव्हा जेवणातलं थोडं बाजूला काढून ठेवतो, जमिनीवर झोपतो. पाना हातात घेतो आणि कुठलं काय हे आठवायला वेळ लागतो. मामा काही बोलला नाही. नंतर म्हणाला, “गिरणी बंद पडल्यावर आमच्या तात्यांचं असंच झालतं. पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे.” मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्या घरात जाते-येते, कुणी सांगितलं नव्हतं.

पार्श्वभूमीला उभ्या असलेल्या माणसाला नाव, बायको, लढाई, मित्र, दुखणं मिळायला वेळ लागतो. दोन तासांच्या चित्रपटात ते होणं शक्य नाही. कादंबरीत होऊ शकतं, पण कादंबरीकाराला ते आधीपासून माहीत असतं. इथे कुणालाच माहीत नव्हतं. एक नट नेटाने उभा राहिला, लेखकांना तो दिसला, आणि बारा वर्षांनी तो मालिकेचा कणा झाला होता. लांबीचा हा फायदा दुसऱ्या कुठल्या कलाप्रकारात मी पाहिलेला नाही.

‘नेक्स्ट जनरेशन’मधला ‘द इनर लाइट’ (१९९२) बहुतेकांना सर्वश्रेष्ठ वाटतो, विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कारही मिळालाय. मला त्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलायचं आहे. कॅप्टन पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तो एका गावात, कामिन म्हणून. कामिन विणकर आहे, लोखंड विणणारा. गावाला दुष्काळ लागलाय. चौकात एक रोप लावलंय आणि प्यायला पाणी पुरत नसतानाही गावकरी त्याला थोडं पाणी घालतात, आशा म्हणून. कामिन संसार करतो, मुलं वाढवतो, बासरी शिकतो, म्हातारा होतो. माती तपासत राहतो आणि त्याला कळतं की पाऊस येणारच नाही, सूर्यच बिघडलाय. मग तो जागा होतो. जहाजावर पंचवीस मिनिटं झालीत. ते गाव हजार वर्षांपूर्वी जळून गेलंय; जाताना त्यांनी एक यान सोडलं, कुणाला तरी आपण आठवावं म्हणून. यानात एक बासरी सापडते.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. तिच्या तोंडून त्या वर्षाचं फार कमी ऐकलं, पण दारातल्या तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती चहा घेत नसे. ते रोप पडद्यावर आलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. आणि तरीही मी म्हणेन, मालिकेने इथे हिशेब अर्धाच ठेवला. पुढच्याच भागात पिकार्ड खुर्चीत बसलेला, जसाच्या तसा. चाळीस वर्षं संसार केलेला, बायको पुरलेला, नातू खेळवलेला माणूस! वर्षभराने ‘लेसन्स’ या भागात बासरी पुन्हा निघते, तो ज्या बाईच्या प्रेमात पडतो तिला ती सगळी हकिगत सांगतो, आणि ते फार सुरेख आहे. पण मला आणखी हवं होतं. त्याच मालिकेने १९९० मध्ये हे एकदा करून दाखवलं होतं. बोर्ग या शत्रूच्या कैदेतून सुटल्यावर ‘फॅमिली’ या भागात पिकार्ड फ्रान्समध्ये भावाच्या द्राक्षमळ्यात जातो. दोघे चिखलात मारामारी करतात, हसतात, आणि मग हा पोलादी माणूस चिखलात बसून ढसाढसा रडतो. एकही लढाई नाही. लिहिणारा तोच, रोनाल्ड मूर. गॅलॅक्टिकाचा पांढरा फळा कुठून आला, हे मला त्या चिखलात दिसतं.

हिशेबाची कमाल पाहायची तर ‘बॅबिलॉन ५’. मायकल स्ट्रॅझिन्स्की याने पाच वर्षांची एकच कथा आधी आखली आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. १९९४ च्या पहिल्या भागात लोंडो मोलारी, एका उतरत्या साम्राज्याचा राजदूत, गमतीदार, पत्ते कुटणारा, पिणारा माणूस, आपलं स्वप्न सांगतो : म्हातारपणी मी आणि नार्न लोकांचा राजदूत जकार एकमेकांचा गळा धरून मरणार आहोत. तेव्हा ते दोन वैऱ्यांचं बोलणं वाटतं, आपण पुढे जातो. १९९५ मध्ये हाच लोंडो खिडकीशी उभा राहून आपल्याच लोकांनी जकारच्या ग्रहावर केलेला विध्वंस बघतो. संवाद नाही, काचेत चेहरा. हे त्यानेच घडवून आणलंय. आणि १९९६ मध्ये ते स्वप्न आपल्याला प्रत्यक्ष दिसतं. लोंडोच्या शरीरावर एका परक्या जिवाचा ताबा आहे, आणि तो जकारला स्वतःहून विनवतो की ते जागं व्हायच्या आत मला मार. गळ्यावरचे ते हात वैऱ्याचे नाहीत, मित्राचे आहेत. पहिल्या भागातलं वाक्य तसंच्या तसं खरं झालं आणि त्याचा अर्थ पुरता पालटला. मधल्या सगळ्या भागांशिवाय हे करता आलं नसतं.

नेपथ्य स्वस्तातलं आहे, संगणकावरची चित्रं आज जुनाट दिसतात, पहिल्या सीझनमधले काही भाग रटाळ आहेत. तरी बघा.

लांबीचा तोटाही असतोच. गॅलॅक्टिकाचा शेवट २००९ मध्ये आला तेव्हा मला तो पटला नाही आणि अजून पटत नाही. लोकांना त्यातला देवाचा हात खटकतो. मला दुसरंच खटकतं. ज्या माणसांनी चार वर्षं पाण्याचा थेंब, बंदुकीची गोळी आणि माणसाचं डोकं मोजलं, ती माणसं नवी भूमी सापडताच सगळी जहाजं सूर्याकडे पाठवून देतात. दवाखान्यांसकट. उद्या कुणी बाळंतीण अडली तर काय, हा प्रश्न एकीलाही पडत नाही. मामीला हा शेवट मी तोंडी सांगितला, तर तिने एवढंच विचारलं, “औषधं तरी उतरवून घेतली का?”

आता नव्या मालिका आठ-दहा भागांच्या सीझनमध्ये येतात. एक्सपान्सचा शेवटचा सीझन तर सहाच भागांचा. दिसायला त्या कितीतरी सरस आहेत, एक क्षण वाया जात नाही, आणि हिशेबही चोख असतो, कारण सगळी कथा एकसंध. पण ‘नेक्स्ट जनरेशन’चे वर्षाला बहुधा सव्वीस भाग असायचे. सव्वीस भाग भरायचे म्हटल्यावर लेखकांना न्याहारी दाखवावी लागायची, लग्न लावावं लागायचं, ट्रान्सपोर्टरच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला नाव द्यावं लागायचं. आठ भागांच्या सीझनमध्ये तो माणूस पहिल्या भागात बोटं सरकवेल आणि आपण त्याला विसरून जाऊ. मला ते सव्वीस भाग परत हवे आहेत. त्यातले पाच-सहा फसले तरी चालतील, रटाळ गेले तरी चालतील. शेवाळ्याच्या न्याहारीला कात्री लावू नका, एवढंच माझं मागणं आहे.